दोन दारांची मोटार पुण्यात का रुजली नाही?

पिंपरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव हा पुण्याभोवतीचा पट्टा देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार-पट्ट्यांपैकी एक आहे. ट्रक, रिक्षा, मोटारसायकली, छोट्या गाड्या, मर्सिडीज असं सगळं इथं तयार होतं. गाड्यांची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्थाही पुण्याचीच. सदाशिव पेठेत टिळक रस्त्यावर उभं राहून सकाळी टाटांच्या टेल्को कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या माणसांच्या दोन पिढ्या तरी होऊन गेल्या. असं असूनही मोटारीचा एक प्रकार या पट्ट्यातून कधी नीट बाहेर पडला नाही. तो म्हणजे दोन दारांची, बेताच्या आकाराची, नोकरीत स्थिरावलेल्या तरुणाला हप्त्यावर घेता येईल अशी स्पोर्ट्स कूपे.

आपल्याकडे तेवढा पैसा नव्हता, हे त्याचं नेहमीचं उत्तर. ते अपुरं आहे. पैसा आल्यावरही ही गाडी आली नाही, आणि पैसा नव्हता तेव्हाही दोन दारांच्या गाड्या देशात बनत होत्याच. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. अमेरिकेत कूपेने जे काम केलं, ते आपल्याकडे दोघांनी वाटून घेतलं. घरचं काम चार दारांच्या गाडीने केलं आणि तरुणपणाचं काम मोटारसायकलने. शिवाय ज्यांनी कूपे बनवायचा प्रयत्न केला, त्यांतल्या बहुतेकांनी सुरुवात चुकीच्या टोकापासून केली.

मस्टँगची कृती

मुळात ही गाडी काय होती ते आधी पाहू. १९६० च्या सुमारास अमेरिकेत महायुद्धानंतर जन्मलेली पिढी गाडी चालवायच्या वयाला येत होती. वडिलांची लांबलचक सेदान तिला नको होती आणि खरी स्पोर्ट्स कार परवडत नव्हती. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर मोंझाला तरुणांचा प्रतिसाद मिळाला, तेव्हा बाकीच्या कंपन्यांचे डोळे उघडले. १ एप्रिल १९६४ रोजी प्लिमथने बाराकुडा आणली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात, फोर्डने मस्टँग. बाराकुडा आधी येऊनही नाव मस्टँगचं झालं. घोड्याच्या त्या नावावरून या सबंध वर्गालाच अमेरिकेत पोनी कार म्हणू लागले.

मस्टँगमध्ये नवं तंत्रज्ञान जवळजवळ नव्हतं. खालचा सांगाडा, इंजिन, गिअर, सस्पेन्शन हे सगळं फाल्कन या फोर्डच्याच साध्या, घरगुती गाडीतून घेतलं होतं. फोर्डचे अधिकारी ली आयकोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलली ती प्रमाणं. लांब बॉनेट, आखूड शेपटी, बसकं छत, दोन दारं, पुढे दोन खुर्च्या आणि मागे दोघांपुरती जागा. मूळ किंमत २,३६८ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वाअकरा हजार रुपये. त्या किमतीत साधं सहा सिलिंडरचं इंजिन मिळे. मग गिऱ्हाईकाच्या हातात पर्यायांची लांबलचक यादी दिली जाई. व्ही-आठ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, पुढचे डिस्क ब्रेक, वातानुकूलन, यातलं हवं ते निवडा. कॉलेजमधली मुलगी आणि शर्यतवेडा मेकॅनिक एकाच दुकानातून, एकाच नावाची, पण वेगळी गाडी घेऊन बाहेर पडत. पहिल्याच दिवशी २२ हजार मागण्या आल्या आणि दोन वर्षं व्हायच्या आत दहा लाखावी मस्टँग कारखान्यातून बाहेर पडली.

पाठोपाठ कॅमेरो, फायरबर्ड, जॅव्हलिन, चॅलेंजर आल्या. इंजिनं मोठी होत गेली, विम्याचे हप्ते वाढले, प्रदूषणाचे नियम आले आणि १९७३ च्या तेलटंचाईने सगळ्यांना जमिनीवर आणलं. मस्टँग पिंटो या छोट्या गाडीच्या सांगाड्यावर गेली. ऐंशीच्या दशकात फोर्डने माझ्दाच्या आधाराने पुढच्या चाकांना गती देणारी नवी कूपे आखली आणि तिलाच मस्टँगचं नाव द्यायचं ठरवलं. चाहत्यांनी पत्रांचा एवढा मारा केला की ती गाडी प्रोब या नावाने विकावी लागली आणि मूळ मस्टँग तगली. शेव्हरोलेची कॅमेरो २०२४ च्या मॉडेलवर थांबली. फोर्डने अमेरिकेत आपल्या बहुतेक साध्या मोटारी बंद केल्या, पण मस्टँग ठेवली.

या इतिहासातून घ्यायचं ते एवढंच की अमेरिकन कूपे चैनीची वस्तू म्हणून जन्मली नाही. लाखोंनी खपणाऱ्या साध्या गाडीची हाडं आणि त्यावर वेगळा देह, ही तिची कृती. ही कृती लक्षात ठेवली की आपल्याकडचा हिशेब नीट लागतो.

शिवडी, कुर्ला आणि हुकलेली दहा वर्षं

अमेरिकन गाडी महाराष्ट्राला परकी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. फोर्डनेही त्याच काळात मुंबईत जम बसवला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुण्या-मुंबईत त्या काळच्या डॉक्टर-वकिलांच्या दारात ज्या भारदस्त गाड्या उभ्या असत, त्यांतल्या कितीतरी अमेरिकन होत्या.

मग धोरण बदललं. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, ज्यांना टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करायचं आहे त्यांनीच राहावं, अशी शिफारस १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने केली. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटची कास धरली. देशी उद्योग उभा राहण्यासाठी ते पाऊल योग्यच होतं, असं मी मानतो. टेल्कोने पुण्यात जे उभं केलं ते त्याच वातावरणात. पण त्याचा एक परिणाम असा झाला की अमेरिकन कंपन्या गेल्या १९५४ च्या सुमाराला आणि अमेरिकन कूपे जन्मली त्यानंतर दहा वर्षांनी. ती येऊ शकेल असा दरवाजाच तोवर बंद झाला होता. साठच्या दशकात पुण्यातल्या माणसापुढे प्रश्न कुठल्या गाडीचा नव्हता, नंबर कधी लागणार याचा होता.

आकाराचाही मुद्दा आहे. अमेरिकेत मस्टँग आटोपशीर गाडी म्हणून विकली गेली, पण तिची लांबी ४.६१ मीटर. आपल्या अँबॅसेडरपेक्षा ती जवळजवळ एक फूट लांब. तिकडची छोटी गाडी आपल्या मापाने मोठीच.

दोन दारं घेऊन आली, चार घेऊन गेली

तरीही भारतात दोन दारांच्या गाड्या बनल्या, आणि त्यांचं पुढे काय झालं ते ओळीने मांडलं की एक नक्षी दिसते.

चेन्नईच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेराल्ड ही मूळची ब्रिटिश, दोन दारांची देखणी गाडी बनवली. त्याच दशकात तिला चार दारं बसवावी लागली. ज्या ब्रिटिश कंपनीची ही गाडी, तिने असं काही केलं नव्हतं. ती गरज इथली. बंगळुरूच्या सिपानीने १९८२ मध्ये फायबरग्लासची, दोन दारांची डॉल्फिन काढली. काही वर्षांत तिची जागा मागेही दारं असलेल्या मोंटानाने घेतली. बंगळुरूचीच रेव्हा ही विजेवरची गाडी २००१ मध्ये दोन दारांची आली. महिंद्रांनी ती कंपनी घेतल्यावर २०१३ ची ई-टू-ओ सुद्धा दोनच दारांची होती आणि २०१६ मध्ये ई-टू-ओ प्लस आली ती चार दारांची. नाशिकच्या कारखान्यात बनणारी २०२० ची थार दोन दारांची असूनही धो-धो खपली. हा या नक्षीतला मोठा अपवाद. पण तिथेही गिऱ्हाईकांनी मागच्या दारांची मागणी लावून धरली आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी थार रॉक्स अवतरली.

आणि या सगळ्यांत पुणेकरांच्या सर्वांत जवळची ती सिएरा. १९९१ मध्ये टेल्कोने ती आणली. टाटामोबाइल या मालवाहू पिकअपचा सांगाडा घेतला, सुमारे दोन लिटरचं डिझेल इंजिन घेतलं आणि त्यावर तोवर देशात न दिसलेला देह चढवला. बाजूला एकेकच दार आणि त्यामागे छतापर्यंत वळत गेलेली मोठी, न उघडणारी काच. खिडक्या बटणावर वरखाली होत. ज्या काळात रस्त्यावर मुख्यतः प्रीमियरची पद्मिनी, अँबॅसेडर आणि मारुती ८०० याच गाड्या दिसत, त्या काळात सिएरा गेली की लोक मान वळवून पाहत. पिकअपची हाडं आणि वेगळा देह, म्हणजे मस्टँगचीच कृती. सिएरा काही कूपे नव्हती, पण कूपेच्या विचाराने बनलेली पुण्याची ती पहिली गाडी होती. ती फार खपली नाही, तरी आजही लोकांच्या मनातून उतरलेली नाही. म्हणूनच टाटांनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तेच नाव आणि त्या वळलेल्या काचेची आठवण घेऊन नवी सिएरा बाजारात आणली. या खेपेस चार दारं आणि मागचा दरवाजा, अशी.

पेठेतलं दार

ही चार दारांची ओढ कुठून येते, ते कारखान्यात बसून कळत नाही. त्यासाठी घरातून गाडीपर्यंतचा रस्ता पाहावा लागतो.

सदाशिव पेठेत गाडी ही एका माणसाची नसते. ती घेतली की सारसबागेच्या गणपतीला जाते, पेढे वाटले जातात, आणि मग ती आजीच्या डोळ्यांच्या तपासणीला, मावशीकडच्या मंगळागौरीला, मंगल कार्यालयात, मे महिन्यात कोकणात जाते. दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे काय करावं लागतं? आधी पुढच्या माणसाने उतरायचं. सीटच्या बाजूचा खटका ओढून पाठ पुढे पाडायची, सीट सरकवायची, सुरक्षापट्टा एका हाताने बाजूला धरायचा. मग मागे बसणाऱ्याने वाकून एक पाय आत टाकायचा, डोकं सांभाळायचं आणि स्वतःला तिरकं करून आत ओढून घ्यायचं. सत्तरीतल्या, गुडघे दुखणाऱ्या, नऊवारी नेसलेल्या बाईला हे दिवसातून दोनदा करायला लावणं कुठल्याही घरात बसत नाही. जी गाडी आजीला नीट बसू देत नाही, तिच्यासाठी घरातले सगळे मिळून कर्ज फेडणार नाहीत. यात मागासलेपण नाही. माणसं एकमेकांना धरून राहतात, त्याचा हा मोटारीवर उमटलेला ठसा आहे.

दुसरी अडचण जागेची. पेठेतले वाडे पाडून तिथं इमारती झाल्या आणि खालच्या मजल्यावर खांबांच्या मध्ये गाड्या लागू लागल्या. दोन खांबांत दोन गाड्या बसवल्या की शेजारच्या गाडीत आणि आपल्यात हातभर अंतर राहतं. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं. मागच्या माणसाला शिरायला वाट हवी म्हणून ते पुढून बरंच मागपर्यंत नेलेलं असतं. तेवढं लांब दार हातभर जागेत वीतभरच उघडतं आणि त्या फटीतून चालकालाही बाहेर पडता येत नाही. चार दारांच्या गाडीचं आखूड दार त्याच जागेत पुरेसं उघडतं. बाहेर रस्त्यावर सम-विषम तारखांचं पार्किंग, एका कडेला दुचाकींची रांग, मधूनच एकेरी वाहतूक. लांब, बसक्या आणि जमिनीला टेकलेल्या गाडीला कुमठेकर रस्त्याचे गतिरोधकही पेलायचे नाहीत. जागा तोकडी असेल तिथं दोन दारांची छोटी गाडी सोयीची, असं वाटतं खरं. ते फक्त फारच आखूड गाडीला लागू पडतं.

तरुणांनी काय केलं?

मग वेगाची, ऐटीची, माझी-स्वतःची गाडी ही तरुणांची भूक कोणी भागवली? मोटारसायकलने. अमेरिकेतल्या विशीतल्या मुलाने १९६५ मध्ये मस्टँग ज्या कारणांसाठी घेतली, त्याच कारणांसाठी पुण्यातल्या मुलाने येझदी घेतली, १९८५ नंतर आरएक्स १०० घेतली आणि २००१ पासून पल्सर. बजाजने १५० आणि १८० सीसीच्या पल्सर त्या वर्षी चाकणहून आणल्या, तेव्हा नेहमीच्या शंभर सीसीच्या, मायलेजच्या गाड्यांपलीकडचं काहीतरी मध्यमवर्गीय घरातल्या मुलाच्या आवाक्यात आलं. किंमत आवाक्यात, टाकीची ऐटदार ठेवण, कानात भरणारा आवाज, पुढे हवे तसे बदल करायची सोय. मस्टँगच्या यादीतली प्रत्येक गोष्ट इथे दोन चाकांवर हजर होती. एस. पी. कॉलेजच्या फाटकाबाहेर लागणाऱ्या रांगेने कूपेची मागणी उगवायच्या आधीच पुरवून टाकली.

ही वाटणी इतकी पक्की बसली की मधल्या गाडीला जागाच उरली नाही. मुलगा वयात आला की त्याला दुचाकी. त्याचं लग्न झालं, मूल झालं की चार दारांची मोटार. अमेरिकेत या दोन टप्प्यांच्या मधली जी आठ-दहा वर्षं कूपेची, ती आपल्याकडे मोटारसायकलचीच लांबलेली वर्षं झाली. मोटारसायकलवर डोक्याला आणि हाडांना जो धोका असतो तो पाहता, हे सुखाचं आहे असं मात्र मला म्हणवत नाही.

ज्यांनी प्रयत्न केला

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने स्टॉर्म ही दोघांची, उघड्या छताची गाडी काढली. फायबरग्लासचा देह, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन, ६० अश्वशक्ती. हलकीफुलकी, समुद्रकाठच्या रस्त्याला साजेशी. टाटांनी इंडिकाच्या पाठोपाठ २००० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आरिया रोडस्टर आणि २००१ मध्ये आरिया कूपे मांडली. दोन्हींचं कौतुक झालं आणि दोन्ही प्रदर्शनातच राहिल्या. पुढे ते नाव एका मोठ्या कुटुंबगाडीला मिळालं. २०१२ मध्ये दिलीप छाब्रियांच्या डीसीने दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत अवंती दाखवली. मधोमध बसवलेलं दोन लिटरचं टर्बो इंजिन, २५० अश्वशक्ती. ती पुण्याजवळ तळेगावला बनली. किंमत ३५ लाखांच्या आसपास गेल्याने गिऱ्हाईक मूठभरच राहिलं. २०१७ मध्ये टाटांनी जिनिव्हातच रेसमो आणली. पावणेचार मीटरहून थोडी लांब, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती. अडीचशेच्या आसपास गाड्या काढायचा बेत होता. खर्चाचा हिशेब जुळेना, म्हणून तो बासनात गेला.

स्टॉर्म, अवंती आणि रेसमो यांचं कसब नाकारायचं कारण नाही. पण तिघींनी वाट निवडली ती खर्चाची. वेगळा सांगाडा, वेगळा देह, संख्या शेकड्यांत. त्यामुळे सुट्या भागांचा, विक्रीनंतरच्या सेवेचा आणि साच्यांचा सगळा भार थोड्याशा गाड्यांवर पडला. मस्टँगने नेमकं हेच टाळलं होतं. खरी मस्टँग भारतात २०१६ मध्ये अधिकृतपणे आली ती पाच लिटरच्या इंजिनासह, ६५ लाखांना. आयातशुल्काने तिचा मूळचा स्वभावच उलटा केला. गरिबांची स्पोर्ट्स कार श्रीमंतांची झाली. फोक्सवॅगनचंही तसंच. पाच दारांची पोलो चाकणला बनत होती, पण तीन दारांची पोलो जीटीआय त्याच वर्षी बाहेरून आणली गेली, तीही अवघ्या ९९.

लपवलेलं हँडल

या सगळ्या प्रश्नाचं सार एका छोट्याशा वस्तूत सापडतं. जनरल मोटर्स महाराष्ट्रात परतली ती २००८ मध्ये, तळेगावच्या कारखान्यात. तिथं बनलेली शेव्हरोले बीट २०१० मध्ये बाजारात आली. २००७ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात हीच गाडी तीन दारांची, थेट छोट्या कूपेच्या तोऱ्यात दाखवली होती. विक्रीच्या गाडीला मागची दारं आली, पण मागचं हँडल दाराच्या पत्र्यावर नाही. ते खिडकीच्या मागच्या कोपऱ्यात, काळ्या भागात दडवलेलं आहे. लांबून पाहिलं तर गाडी दोन दारांची वाटते. जवळ जाऊन कोपऱ्यात बोटं घातली की मागचं दार उघडतं. पुढे टाटांच्या अल्ट्रोझनेही, २०२० मध्ये, हीच युक्ती वापरली. लहान मुलाचा हात त्या उंचीवर पोचत नाही, ही तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पण हे हँडल सांगतं ते महत्त्वाचं. गिऱ्हाईकाला कूपे आवडते. त्याला तिचं रूप हवं आहे. फक्त आजीचं दार सोडायची त्याची तयारी नाही.

तळेगावचा तो कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला आणि पुढे ह्युंदाईकडे गेला. पण ती इच्छा थांबली नाही. २०२४ मध्ये टाटांची कर्व्ह आली आणि चाकणहून महिंद्रांची विजेवरची बीई ६. दोन्हींचं छत मागे उतरत जाणारं, कूपेचं. दोन्हींना दारं चार. कूपे अशी अखेर पुण्याच्या पट्ट्यात आली आहे, आपल्या अटींवर.

पुढे काय?

माझ्या दृष्टीने इथे थांबणं बरोबर नाही. परिस्थितीतल्या दोन गोष्टी बदलल्या आहेत. पेठेतली घरं लहान झाली आहेत. एकटे राहणारे तरुण, दोघंच असलेली जोडपी, मुलं परदेशी गेल्यावर दोघंच उरलेले ज्येष्ठ, या सगळ्यांना मागची सीट वर्षातून मोजक्याच वेळा लागते. दुसरं म्हणजे विजेवरच्या गाडीचा सांगाडा. बॅटरी तळाला सपाट बसते आणि एकाच तळावर वेगवेगळे देह चढवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. तीन मीटरहून आखूड, दोन दारांची एमजी कॉमेट २०२३ मध्ये आली. त्याच वर्षी पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीने छतावर सौरपट्ट्या असलेली ईव्हा ही चिमुकली गाडी ऑटो एक्स्पोत मांडली. शहरापुरती, दोघा-तिघांची गाडी हा विचार आता हास्यास्पद राहिलेला नाही.

म्हणून पुण्याच्या कारखान्यांकडे मागणी करायची ती सुपरकारची नको. हजारोंनी खपणाऱ्या विजेवरच्या छोट्या गाडीचाच तळ घ्या, तिचीच मोटर आणि ब्रेक घ्या, त्यावर हलका, बसका, दोन दारांचा देह चढवा. लांबी पावणेचार मीटरच्या आत ठेवा. दार अरुंद जागेतही उघडेल असं करा. सरकतं दार हा त्यावरचा जुना आणि परवडणारा उपाय आहे. मूळ किंमत कमी ठेवा आणि बाकीचं गिऱ्हाईकाला निवडू द्या. पल्सरवरून मोटारीकडे वळणाऱ्या पंचविशीतल्या माणसाला तिथे आपलं काहीतरी सापडेल, तेही चार चाकांच्या आणि सुरक्षापट्ट्याच्या आधाराने. सिएराने १९९१ मध्ये दाखवून दिलं की पुण्याचे अभियंते पिकअपच्या हाडांवरही मनात घर करणारी गाडी उभी करू शकतात. त्यांच्या हाती आज त्याहून कितीतरी चांगला तळ आहे. तो वापरून दोन दारांची गाडी काढायचा निर्णय मात्र कोणीतरी घ्यावा लागेल, आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही ती गाडी मोठ्याने मागायला हवी.